न लढणाऱ्याचा डाव

ओव्हरवॉच हा गेम २०१६च्या मे महिन्यात आला तेव्हा सहा-सहा जणांच्या दोन टीममध्ये कोणी कोणतं पात्र घ्यायचं याला काही धरबंध नव्हता. सामना सुरू होण्याआधी, पात्र निवडायच्या पडद्यावरच पहिली कुरबुर व्हायची. चार-पाच जण बंदूकवाले होऊन मोकळे व्हायचे आणि ‘हीलर कोण घेतंय?’ असं कोणी विचारलं की सगळे गप्प. शेवटी ब्लिझार्ड कंपनीने २०१९ मध्ये रोल क्यू आणला. दोन टँक (मार झेलणारे), दोन डॅमेज (मारणारे), दोन सपोर्ट (सांभाळणारे). आधी भूमिका सांगा, मग रांगेत उभे राहा. कुरबुर बरीच थांबली, पण रांगांनी दुसरंच काही उघड केलं. डॅमेजच्या रांगेत ताटकळत बसावं लागे आणि बाकीच्या रांगा भराभर सरकत. पुढे, इतर भूमिका खेळणाऱ्यांना बक्षीस म्हणून डॅमेजच्या रांगेत पुढे जाण्याचा पास देण्याची वेळ आली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने असंच काहीसं २०११ मध्ये केलं होतं: ज्या भूमिकेला माणसं कमी पडतात ती घेणाऱ्याला वर एक भेटीची थैली.

गेम बनवणाऱ्यांच्या जगात या रांगांचा एक सोपा अर्थ लावला जातो. लोकांना मारायला आवडतं, सांभाळायला आवडत नाही. तेव्हा सांभाळणाऱ्याला थोडं आमिष दाखवा, त्याच्याही हातात एक बरीशी बंदूक द्या आणि पुढच्या कामाला लागा. मला हा अर्थ पटत नाही, आणि हे पुस्तक लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. हीलरची भूमिका घ्यायला नको म्हणणारी तीच माणसं दुसऱ्या एखाद्या गेममध्ये रात्र रात्र ट्रक चालवतात, गळक्या जहाजातून बादलीने पाणी उपसतात, नकाशावर बोट ठेवून ‘डावीकडे, अजून डावीकडे’ असं ओरडत बसतात. त्यांना तिथे कोणी थैली देत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. न लढणारी भूमिका कंटाळवाणी होते, कारण डिझायनरने त्या खेळाडूला स्वतःचं असं पाहायला काही ठेवलेलं नसतं आणि स्वतःचं असं ठरवायलाही काही ठेवलेलं नसतं. त्याची नजर दुसऱ्याच्या तब्येतीच्या पट्टीला बांधलेली असते आणि त्याचे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात. ही दोन बंधनं सुटली की रक्ताचा एक थेंबही न सांडणारी भूमिका टीममधली सर्वांत हवीहवीशी भूमिका होऊ शकते. पुढच्या प्रकरणांमध्ये मी एकेक गेम उघडून हेच पाहिलं आहे: या माणसाची नजर कुठे आहे, आणि या क्षणी त्याच्यापुढे प्रश्न कोणता आहे?

जुन्या काळापासून सुरुवात केली तर हा दोष किती खोलवर गेलेला आहे ते कळतं. एव्हरक्वेस्ट १९९९ मध्ये आला. त्यातला क्लेरिक म्हणजे उपचार करणारा. त्याचा सर्वांत मोठा मंत्र पूर्ण व्हायला दहा सेकंद लागत. अजस्र ड्रॅगनसमोर उभ्या असलेल्या टँकला दहा सेकंद वाट पाहणं परवडायचं नाही, म्हणून खेळाडूंनी साखळी काढली. क्लेरिकांना क्रमांक द्यायचे, पहिल्याने मंत्र सुरू केला की ठरावीक सेकंदांनी दुसऱ्याने, मग तिसऱ्याने, आणि फिरून पुन्हा पहिला. संघटन म्हणून ते विलक्षण होतं. पण त्या साखळीतल्या एका क्लेरिकच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याने करायचं काय, तर आपली पाळी मोजायची. त्यातून मंत्रशक्ती परत मिळवायला त्याला खाली बसावं लागे, आणि सुरुवातीच्या टप्प्यांवर तेव्हा मंत्रांची पोथी उघडून ठेवावी लागे. ती पोथी पडदा व्यापून टाकायची. समोर लढाई पेटलेली आणि हा माणूस कागदाकडे बघत बसलेला. नजर अक्षरशः झाकून टाकणारी भूमिका यापेक्षा शुद्ध स्वरूपात मला कुठे सापडलेली नाही. तरीही माणसांनी ती वर्षानुवर्षं प्रेमाने निभावली, कारण साखळी तुटली तर चाळीस-पन्नास जणांची संध्याकाळ वाया जायची. त्या प्रेमाचं श्रेय मी खेळाडूंना देतो.

आता टीम फोर्ट्रेसकडे या. क्वेक या गेमवर ऑस्ट्रेलियातल्या काही तरुणांनी १९९६ मध्ये रचलेला हा मॉड, त्यातूनच वॉल्व्हचा टीम फोर्ट्रेस क्लासिक आणि मग २००७च्या ऑक्टोबरमध्ये टीम फोर्ट्रेस २. मेडिक पहिल्यापासून होता. पण क्लासिकमध्ये त्याला औषधाची पेटी हातात घेऊन मित्राला अगदी खेटून उभं राहावं लागे, आणि त्याच वेळी त्याच्याकडे वेगवान पाय आणि धक्का देणारे ग्रेनेड होते. त्या धक्क्यावर उडी साधून झेंडा पळवून आणणं जास्त मजेचं होतं; म्हणून कसलेले मेडिक उपचार सोडून झेंड्यामागे धावायचे. डिझायनरांपुढे सरळ दोन वाटा होत्या. मेडिकला उपचार करायला भाग पाडायचं, किंवा उपचार करणंच झेंडा पळवण्याइतकं चुरशीचं करायचं. त्यांनी दुसरी वाट घेतली.

टीम फोर्ट्रेस २मधली मेडिगन एकदा मित्रावर जडली की तिचा झोत त्याला धरून ठेवतो. मित्र धावला, वळला, उडाला, तरी झोत वाकून त्याच्यामागे जातो; क्षणभर कोपऱ्याआड गेला तरी तुटत नाही. नेम धरण्याचं काम डिझायनरने काढून घेतलं. नवख्याला वाटतं, मग उरलं काय? उरली ती नजर, आणि ती पूर्ण मोकळी. ज्याच्यावर उपचार चालू आहेत त्याच्याकडे बघायची गरजच राहिली नाही, म्हणून मेडिक मागे बघतो, वर बघतो, शत्रूचा स्पाय आपल्याच एखाद्याचं सोंग घेऊन जवळ येतोय का ते बघतो, दहा पावलांवर जळत असलेला दुसरा मित्र बघतो. संपूर्ण टीममध्ये रणांगणाचं चित्र सर्वांत पूर्ण असतं ते मेडिकच्या डोक्यात. बंदूकवाल्याची नजर त्याच्या निशाण्याने बांधलेली असते.

नजर मोकळी झाली की तिला प्रश्न लागतात, आणि ते या गेमने भरपूर दिले. मेडिगन मित्राची तब्येत मुळापेक्षा दीडपट करू शकते. २०० तब्येतीचा सोल्जर ३००वर जातो आणि मग तो वाढीव भाग हळूहळू ओसरतो. म्हणजे प्रश्न आला: एकाला पूर्ण भरायचं की चौघांना थोडं थोडं वाढवून ठेवायचं? उपचार करता करता यूबरचार्ज साठत जातो. जखमी मित्रावर झोत असेल तर तो साधारण ४० सेकंदांत भरतो, आणि काठोकाठ भरलेल्या मित्रावर झोत धरून बसलात तर त्याचा वेग निम्म्यावर येतो. एवढ्या एका नियमाने मेडिकला आळशी होऊ दिलेलं नाही. चार्ज भरला की आठ सेकंद तो आणि त्याचा साथीदार अभेद्य. मेडिक मेला तर साठलेलं सगळं गेलं. तेव्हा आता वापरायचा की राखून ठेवायचा, कोणाबरोबर वापरायचा, समोरच्या मेडिकचा भरला असेल का, हा हिशेब त्याच्या डोक्यात अखंड चालू असतो. सहा-सहांच्या स्पर्धात्मक सामन्यांत प्रत्येक टीमला एकच मेडिक घेता येतो, आणि दोन्ही टीमच्या चढाया-माघारी बऱ्याच अंशी या एका भांड्याच्या भरण्याभोवती फिरतात. बंदूकवाले विचारतात आणि मेडिक सांगतो: थांबा, अजून वीस टक्के, आता चला. ज्याच्या हातून कोणी मरत नाही तोच लढाईची वेळ ठरवतो.

या गेमबद्दल एक बारीकशी गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती डिझाइनच्या पुस्तकांत सहसा येत नाही. कोणताही खेळाडू एक बटण दाबून मेडिकला हाक मारू शकतो, आणि ती हाक त्या त्या पात्राच्या आवाजात, त्याच्या ढंगात येते. नऊ पात्रांच्या नऊ हाका. मेडिकला दिशा कळते, माणूस कळतो, आणि आपण कोणाला तरी हवे आहोत हे दर मिनिटाला ऐकू येतं. भूमिकेचं महत्त्व खेळ संपल्यावर आकड्यांत सांगण्यापेक्षा खेळ चालू असताना कानावर पडणं कितीतरी मोलाचं.

सांभाळणाऱ्याला महत्त्व देण्याचा हाच मोह दुसऱ्या बाजूने कसा फसतो ते ओव्हरवॉचमधल्या मर्सी या हीलरने दाखवलं. सुरुवातीच्या रूपात तिची सर्वांत मोठी शक्ती अशी की आसपास पडलेल्या सगळ्या साथीदारांना ती एकदम उठवू शकत असे. कागदावर यापेक्षा भव्य काय असेल? पण खेळात त्याचा अर्थ उलटा झाला. सर्वांत फायद्याची खेळी कोणती, तर उपचार थांबवायचे, एखाद्या भिंतीआड जाऊन बसायचं, साथीदारांना मरू द्यायचं, आणि चार-पाच जण पडले की बाहेर येऊन सगळ्यांना उठवायचं. सांभाळणारीला तिच्याच माणसांच्या मरणाची वाट पाहायला लावणारी शक्ती. ज्यांनी हे पात्र मदत करायला म्हणून निवडलं होतं त्यांना ते मनातून टोचायचं, आणि समोरच्या टीमला आपली मेहनत क्षणात पुसली गेल्याचा संताप यायचा. २०१७च्या सप्टेंबरमध्ये ब्लिझार्डने ती शक्ती बदलली. उठवणं एका वेळी एकाच साथीदारापुरतं केलं आणि मोठी शक्ती म्हणून तिला वेगळं, सतत वावरत राहायला लावणारं काही दिलं. या बदलावरून बरीच वर्षं वाद झाले. माझ्या मते दिशा बरोबर होती. शक्ती किती मोठी आहे यापेक्षा ती खेळाडूला कोणत्या वागणुकीकडे ढकलते ते आधी तपासायला हवं.

व्हिडिओ गेमच्या बाहेरचं एक उदाहरण इथे देतो, कारण ते या सगळ्यांपेक्षा स्वच्छ आहे. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाने १९९८ मध्ये लिबेरो नावाची भूमिका नियमात आणली. या खेळाडूचा शर्ट टीमपेक्षा वेगळ्या रंगाचा. त्याने ब्लॉक करायचा नाही, जाळीच्या उंचीवरच्या चेंडूवर आक्रमण करायचं नाही. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी प्रेक्षक टाळ्या वाजवतात त्या दोन्ही त्याला नियमानेच बंद. हेतू असा की बचाव मजबूत व्हावा, रॅली लांबाव्यात आणि उंची कमी असलेल्या, चपळ खेळाडूंनाही वरच्या पातळीवर जागा मिळावी. घडलं काय? लिबेरो हे एक स्वतंत्र शास्त्र झालं. समोरच्या हिटरचा खांदा वाचायचा, आपल्या ब्लॉकमधली फट कुठे आहे ते ओळखायचं, चेंडू यायच्या आधी तिथे असायचं. ब्राझीलचा सर्जियो सांतोस हा लिबेरो २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. महाराष्ट्रात गावोगावच्या मैदानांवर व्हॉलीबॉल खेळलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. आक्रमण बंद केल्याने भूमिका लहान झाली नाही. तिला वाचायला समोरच्याचं सगळं अंग मिळालं.

काही गेमनी नजरेचं हे वाटप फार चतुराईने केलं आहे. रेअर या ब्रिटिश स्टुडिओच्या सी ऑफ थीव्हजमध्ये मोठ्या जहाजावर चौघं असतात. सुकाणूवरच्या माणसासमोर शिडं खाली सोडली की त्याला पुढचं दिसत नाही, आणि नकाशा असतो खालच्या डेकवरच्या टेबलावर. ज्याच्या हातात दिशा आहे त्याच्याकडे नकाशा नाही; ज्याच्याकडे नकाशा आहे त्याच्या हातात दिशा नाही. वेगळी शिस्त, वेगळे नियम काही न लावता चौघांना एकमेकांशी बोलावं लागतं. तोफगोळ्याने भोक पडलं तर फळी ठोकायची, पाणी बादलीने उपसून बाहेर फेकायचं. या कामांना कोणी हलकं समजत नाही, कारण ती थांबली तर जहाज सगळ्यांदेखत बुडतं. अमंग असमध्ये तर नजर मुद्दाम अडवली आहे. वायर जोडण्याच्या कामाची खिडकी पडद्याचा मोठा भाग झाकते आणि तेवढ्या वेळात पाठीमागे कोण आलं ते नीट दिसत नाही. एव्हरक्वेस्टच्या पोथीनेही पडदाच झाकला होता. पण तिथे तो झाकण्यामागे खेळाचा काही हेतू नव्हता. इथे त्या झाकण्यातूनच भीती तयार होते, आणि तारा जोडणं हा धाडसाचा निर्णय होतो. आर्टेमिस या अंतराळयानाच्या गेममध्ये सुकाणू, शस्त्रं, इंजिन, विज्ञान, संपर्क अशी प्रत्येकाची वेगळी स्क्रीन असते आणि कॅप्टनला एकही बटण नसतं. त्याने पाहायचं, विचारायचं आणि सांगायचं. ज्यांनी हा गेम मित्रांबरोबर एका खोलीत बसून खेळला आहे त्यांना ठाऊक असेल की सर्वांत दमून उठतो तो कॅप्टनच.

इथवर जे गेम आले ते अर्ध्या-पाऊण तासाच्या सामन्यांचे किंवा एका बैठकीचे. खरा अवघड प्रश्न आहे महिनोन्‌महिने चालणाऱ्या जगांचा, जिथे काही माणसं लढाईच्या आसपासही जात नाहीत. या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग मी त्यांना दिला आहे.

स्टार वॉर्स गॅलक्सीज २००३ मध्ये सुरू झाला. त्याच्या रचनेची सूत्रं राफ कोस्टर यांच्याकडे होती. अल्टिमा ऑनलाइनमध्ये शिंपी, लोहार, कोळी होऊन जगता येईल असं जग उभं करणाऱ्यांपैकी ते एक. गॅलक्सीजमध्ये नर्तक आणि वादक हे पेशे होते. लढून लढून योद्ध्यांना एक प्रकारचा थकवा यायचा, जो औषधाने जायचा नाही. त्यासाठी गावातल्या कँटीनात येऊन बसावं लागे, नाच पाहावा लागे, गाणं ऐकावं लागे. कल्पना अत्यंत सुंदर होती. योद्ध्याला गावात परतायला कारण मिळालं, आणि बसल्या बसल्या माणसं एकमेकांशी बोलू लागली. कित्येकांच्या मैत्री त्या कँटीनांत जुळल्या.

पण याच गेममधले दोन पेशे शेजारी ठेवून पाहिले की डिझाइनचा सगळा धडा मिळतो. नर्तकाचं काम गरजेचं होतं, पण त्यात ठरवण्यासारखं फार थोडं होतं. नाच सुरू केला की तो चालू राहायचा. त्यामुळे बरेच नर्तक मॅक्रो (आपोआप बटणं दाबणारी सूचनावली) लावून संगणकापासून उठून जायचे आणि योद्धे निर्जीव बाहुल्यांसमोर बसून थकवा घालवायचे. उलट शस्त्रं बनवणारा कारागीर. गेममधली खनिजं आणि साहित्य ठरावीक काळापुरतं उगवायचं आणि नाहीसं व्हायचं, प्रत्येक साठ्याची गुणवत्ता वेगळी. चांगल्या प्रतीचं पोलाद कुठे निघालंय हे शोधायला ग्रह पालथे घालायचे, यंत्रं रोवायची, साठा करून ठेवायचा, प्रयोगात किती जोखीम घ्यायची ते ठरवायचं, स्वतःचं दुकान थाटायचं. चांगल्या कारागिराचं नाव सर्व्हरभर माहीत असे. दोन्ही पेशे लढाईबाहेरचे, दोन्हींची योद्ध्यांना गरज. एका पेशात माणूस उठून गेला, दुसऱ्यात माणूस रात्री झोपेतही धातूचा विचार करत राहिला. आपली गरज आहे एवढ्यावर खेळाडू थांबत नाही. त्याला डोकं चालवायला जागा लागते.

२००५च्या नोव्हेंबरमध्ये गेम चालवणाऱ्या कंपनीने हा सगळा डोलारा मोडून नऊ ठळक पेशांवर आणला, लढाई वेगवान केली, आणि जुने खेळाडू फार मोठ्या संख्येने निघून गेले. २०११च्या डिसेंबरमध्ये सर्व्हर बंद झाले. त्यानंतर चाहत्यांनी स्वतःच्या बळावर त्या बदलाआधीची आवृत्ती पुन्हा उभी केली. मला यात खूप मोठी साक्ष दिसते. माणसं एका बंद पडलेल्या गेमची विटन्‌वीट पुन्हा रचतात, तेव्हा त्यांना परत हव्या असलेल्या गोष्टींत ते दुकान, ती खाण, ते कँटीनही असतं.

फॉक्सहोल हा टोरोंटोमधल्या स्टुडिओचा गेम त्याच वाटेवर आणखी पुढे गेला. दोन बाजू, आठवडे चालणारं एकच युद्ध, आणि त्यातली प्रत्येक गोळी कोणीतरी खेळाडूने बनवलेली. हातोड्याने भंगार फोडायचं, रिफायनरीत नेऊन त्याचं साहित्य करायचं, कारखान्यात पेट्या भरायच्या, ट्रकमध्ये लादून आघाडीवर न्यायच्या. आघाडीवरचा सैनिक मेला की तो पुन्हा उभा राहतो, पण त्यासाठी तळावरचा एक गणवेश खर्च होतो. खेळाडू त्याला नुसतं ‘शर्ट’ म्हणतात. शर्ट संपले तर तळावर कोणी उभं राहू शकत नाही. म्हणजे मरण-जगण्याचा हिशेबही मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हातात. त्याची नजर रस्त्यावर, कारण शत्रूच्या टोळ्या मागे शिरून रसद मारतात. त्याचे प्रश्न त्याचे स्वतःचे: पूल सुरक्षित आहे का, शर्ट आधी न्यायचे की तोफगोळे, उत्तरेचा तळ टिकेल का की तिथे नेलेलं सगळं शत्रूच्याच हाती पडेल?

आणि तरीही २०२२च्या सुरुवातीला याच गेममध्ये रसद पुरवणाऱ्या खेळाडूंनी संघटना केली, स्टुडिओला खुलं पत्र लिहिलं आणि संप पुकारला. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन्ही बाजूंचे खेळाडू त्यात एकत्र होते. पुरवठ्याच्या कामातली अनावश्यक दगदग कमी करा, असं त्यांचं म्हणणं. स्टुडिओला त्याची दखल घ्यावी लागली. या घटनेकडे गमतीची बातमी म्हणून पाहिलं गेलं; मला ती डिझायनरांसाठी अतिशय गंभीर वाटते. संप करणाऱ्यांना रसदीचं काम नको नव्हतं. त्यांना त्या कामातला विचार हवा होता आणि त्याभोवतीची हमाली नको होती. ट्रक कुठून न्यायचा यात खेळ आहे. तीच पेटी पुन्हा पुन्हा क्लिक करून उचलण्यात तो नाही. डिझायनर या दोहोंना एकच समजून ‘वास्तव अनुभव’ असं नाव देतो, तेव्हा तो आपल्या सर्वांत निष्ठावान खेळाडूंना झिजवतो.

मोजमापाबद्दल इथे थोडंच लिहितो, त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. ईव्ह ऑनलाइनमध्ये अंतराळजहाज फुटलं की किलमेल निघतो, म्हणजे कोणी कोणी मारलं त्याची नोंद. साथीदारांची जहाजं तासन्‌तास जिवंत ठेवणाऱ्या लॉजिस्टिक्स वैमानिकांचं नाव त्या नोंदीत येत नसे. अशा नोंदींवर माणसांची प्रतिष्ठा ठरते, म्हणून त्या तटस्थ नसतात. निन्टेन्डोच्या स्प्लॅटूनने प्रश्न मुळातच सोडवला: तीन मिनिटांच्या टर्फ वॉरमध्ये विजय ठरतो तो जमिनीचा किती भाग आपल्या रंगाचा झाला यावर, किती जणांना पाडलं यावर नाही. सगळ्या वेळात एकालाही न पाडता कोपरे रंगवत फिरणारा खेळाडू सामना जिंकून देऊ शकतो, आणि शेवटच्या नकाशावर त्याचं काम सगळ्यांना दिसतं. डोटा २मध्ये सपोर्ट खेळाडू एके काळी स्वतःच्या तुटपुंज्या सोन्यातून टीमसाठी नकाशाचा एखादा भाग दाखवत राहणारे वॉर्ड विकत घ्यायचे, म्हणजे इतरांच्या नजरेची किंमत तेच मोजायचे. पुढे त्यांतले मुख्य वॉर्ड मोफत झाले. त्याच गेममध्ये ओजी टीमचा डॅनिश कर्णधार योहान सुंडस्टाइन, म्हणजे नोटेल, याने सपोर्ट खेळत २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षं जागतिक अजिंक्यपद जिंकलं, आणि बक्षिसांच्या कमाईत तो दीर्घकाळ जगात पहिला होता. सपोर्टला भविष्य नाही असं आईवडिलांकडून किंवा मित्रांकडून ऐकणाऱ्या मुलांना मी हे नाव नेहमी सांगतो.

या भूमिकांना चिकटलेला एक पूर्वग्रह मात्र डिझाइनच्या एखाद्या युक्तीने जात नाही. हीलर म्हणजे ज्याला नेम धरता येत नाही तो. आणि मुलगी असेल तर ती हीलरच खेळणार, कोणाच्या तरी मागे मागे. असं बोलून कित्येक मुलींना व्हॉइस चॅटमधून पळवून लावलं गेलं आहे. डिझायनर एवढंच करू शकतो की भूमिकेतलं कौशल्य सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. ओव्हरवॉचमधली अ‍ॅना हे त्याचं चांगलं उदाहरण: वयस्कर स्त्री, हातात रायफल, आणि तिचा मुख्य उपचार साथीदारावर नेम धरून गोळी झाडली तरच होतो. तिला कोणी सोपी म्हणत नाही. पण सगळ्याच सपोर्टना नेमबाज करणं हा उपाय नव्हे. तसं केलं तर पुन्हा एकाच प्रकारचं कौशल्य खरं ठरतं, आणि ज्याची दृष्टी, सबुरी, अंदाज हे गुण मोठे आहेत त्याला पुन्हा मागच्या बाकावर बसावं लागतं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. इथल्या बहुतेक मुलांनी टीम म्हणून पहिला गेम खेळला तो मोबाइलवर. २०२०च्या सप्टेंबरमध्ये पब्जी मोबाइलवर बंदी येईपर्यंत तो, आणि २०२१च्या जुलैपासून बीजीएमआय. चौघांचं स्क्वाड, आणि त्यात गेमने न सांगता मुलांनीच भूमिका पाडल्या: आयजीएल (डाव चालवणारा म्होरक्या), असॉल्टर, सपोर्टर, स्काउट. सपोर्टरच्या बॅगेत स्मोक, म्हणजे धुराचे ग्रेनेड, जास्त. कोणी नॉक झाला, म्हणजे जखमी होऊन पडला, की ‘स्मोक टाक, रिव्हाइव्ह दे’ ही ओरड पुण्याच्या होस्टेलमध्ये आणि विरारच्या लोकलमध्ये सारखीच ऐकू येते. रिव्हाइव्हला, म्हणजे पडलेल्याला उठवायला, लागणाऱ्या त्या काही सेकंदांत सपोर्टर गुडघ्यावर बसलेला असतो, बंदूक चालवू शकत नाही, आणि धूर किती वेळ टिकेल याचा अंदाज त्याने आधीच केलेला असतो. गेमने या कामाला नाव दिलं नाही, वेगळं पात्र दिलं नाही. तरी ते काम मुलांनी शोधलं, वाटून घेतलं आणि ती त्यात तरबेज झाली. मराठीतून गेम डिझाइन शिकू पाहणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं. तुमच्या स्क्वाडमधला सपोर्टर कोणती गोष्ट इतरांच्या आधी बघतो, ते लिहून काढा. भाषेचाही प्रश्न इथे येतो. अनोळखी स्क्वाडमध्ये एकाची मराठी, दुसऱ्याची तमिळ, तिसऱ्याचा माइक बंद. एपेक्स लेजंड्सने २०१९ मध्ये पिंगची जी पद्धत बसवली, एका बटणात ‘इथे शत्रू’, ‘इथे गोळ्या’, ‘मी इकडे चाललो’ सांगणारी, ती आपल्यासारख्या बहुभाषी देशात न लढणाऱ्या भूमिकेची वाणी आहे. पाहिलेलं सांगता येत नसेल तर पाहण्याचा उपयोग काय?

शेवटी या पुस्तकाच्या मांडणीविषयी. प्रकरणं गेमच्या काळानुसार लावलेली नाहीत. उपचार, दुरुस्ती, माहिती, रसद आणि नेतृत्व अशा कामांनुसार ती लावली आहेत, कारण रसदीच्या भूमिकेला उपचाराच्या भूमिकेचे नियम लावले की काय होतं ते आपण फॉक्सहोलच्या निमित्ताने सविस्तर पाहणार आहोत. नेतृत्वाचं प्रकरण सर्वांत लहान आहे. नॅचरल सिलेक्शन आणि बॅटलफिल्ड २ यांनी आकाशातून नकाशा पाहणारा कमांडर आणला, पण तो चुकला तर संपूर्ण टीम चुकते आणि शिकायला त्याला जागा मिळत नाही. हा प्रश्न अजून कोणी नीट सोडवलेला नाही, आणि मीही तो सोडवल्याचा आव आणलेला नाही. प्रत्येक प्रकरणानंतर एक छोटा सराव दिला आहे. तो कागद, फासे आणि चार मित्र एवढ्यावर करता येतो, संगणक लागत नाही. पहिल्याच सरावात तुम्हाला एक लढाई रचायची आहे ज्यात चौघांपैकी एकाला फासा टाकायची परवानगी नाही, आणि त्याला खेळात धरून ठेवायचं आहे.